लक्ष्मी रोड रोज वाहनांना बंद केला तर पुण्याच्या पेठांतला बाजार सावरेल का? (वाचकांची चर्चा; प्रत्येक प्रतिसादावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

शनिपार

दर वर्षी ११ डिसेंबरला पुणे महापालिका पादचारी दिन साजरा करते. २०२१ पासून हे चालू आहे. नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा लक्ष्मी रोडचा तुकडा त्या दिवशी वाहनांना बंद असतो. लोक रस्त्याच्या मधोमध चालतात, आया पोरांचा हात सोडतात, म्हातारी माणसं निवांत टेकतात. दुसऱ्या दिवशी सगळं मागच्यासारखं. माझं म्हणणं असं की हा तुकडा रोज सकाळी दहा ते रात्री नऊ बंद ठेवावा आणि ते ठरवण्याआधी निदान एक दीर्घ प्रयोग तरी करावा.

हे मी हवेसाठी किंवा आवाजासाठी म्हणत नाही, बाजारासाठी म्हणतोय. एके काळी दिवाळीची खरेदी म्हणजे लक्ष्मी रोड, दुसरा विचारच नसे. २०११ मध्ये विमाननगर आणि हडपसरला मोठे मॉल आले, २०२३ मध्ये वाकडला आला. शहरही तिकडेच सरकलं. वाघोलीत किंवा वाकडला राहणाऱ्या जोडप्याने पोराच्या कपड्यांसाठी पेठेत का यावं, याचं उत्तर आपल्याकडे असायला हवं. पार्किंग आणि एसी हे ते उत्तर नव्हे. त्या शर्यतीत अठराव्या शतकातल्या पेठा कधीच जिंकणार नाहीत.

आपल्याकडे जे आहे ते मॉलकडे नाही. दहा-पंधरा मिनिटांच्या चालीत पैठणी, सोनं, तुळशीबागेतली समई आणि भातुकली, अप्पा बळवंत चौकातली पुस्तकं, मंडईतली भाजी, वाटेत बाकरवडी. पण हा बाजार पायीच करायचा आहे आणि आज पायी चालणंच अशक्य झालंय. कोणत्याही शनिवारी बघा. बाई आत साड्या उलगडून बघतेय आणि नवरा पायरीवर उभा, टोइंगची गाडी आली का यावर डोळा ठेवून. तारीख सम की विषम यावरून पार्किंगची बाजू बदलते, ते बाहेरगावच्या माणसाला माहीत नसतं. मग एक दुकान, एक पिशवी आणि घर. चार दुकानं फिरायला आलेलं कुटुंब एका दुकानात आटपतं. तीन दुकानांचं गिऱ्हाईक आपण रोज स्कूटरपायी घालवतो.

२९ सप्टेंबर २०२४ ला मंडईचं मेट्रो स्थानक सुरू झालं. आता ‘लोकांनी यायचं कसं?’ हा प्रश्न पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. दिल्लीत चांदनी चौकात लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद हा सुमारे १.३ किलोमीटरचा रस्ता २०२१ पासून दिवसा मोटारींना बंद आहे. चेन्नईत पाँडी बाजारचे पदपथ २०१९ मध्ये रुंद केले. आपण मात्र वर्षाकाठी एका दिवसावर अडलोय.

गादीवरचा

मी याच रस्त्यावर साड्यांच्या दुकानात बसतो, आजोबांच्या वेळेपासूनचा धंदा आहे. तुमचा हेतू चांगला आहे, पण हिशेब अर्धा आहे.

आमचं वर्ष बस्त्यावर, म्हणजे लग्नाच्या कापडखरेदीवर चालतं, एकट्या बाईने घेतलेल्या एका साडीवर नाही. बस्त्याला दहा-बारा माणसं येतात, तीही सासवड, शिरूर, बारामतीहून गाड्या करून. नवरीची आई, दोन आत्या, मामी, एखादी आजी जिला गुडघ्यामुळे दोन पायऱ्या चढवत नाहीत. चार तास गादीवर बसतात, चहा होतो, मानापानाच्या साड्या वेगळ्या, रुखवताच्या वेगळ्या. शेवटी गठ्ठे बांधले जातात. ते डोक्यावर घेऊन मंडईपर्यंत जाऊन मेट्रो पकडा, असं सांगायचं का त्यांना? बारामतीला मेट्रो जात नाही. ते सरळ हायवेवरच्या मोठ्या शोरूमला गाडी लावतील. तशी शोरूम आता प्रत्येक बाजूला झाली आहेत.

गर्दी म्हणजे गिऱ्हाईक, असं धरून चालू नका. गणपतीत संध्याकाळी रस्ता बंद असतो, पाय ठेवायला जागा नसते आणि आमचा गल्ला त्या दिवसांत सगळ्यात हलका असतो. माणसं देखावे बघायला येतात, खातात, जातात. रस्ता बंद केल्यावर वडापाव आणि आईस्क्रीमवाल्याचं भलं होईल, त्याचा मला आनंदच आहे. पण सराफी पेढी आणि कापडाचं दुकान त्यावर चालत नाही.

प्रयोग म्हणणं सोपं आहे. लग्नसराईचा एक हंगाम हातचा गेला तर येवल्याच्या विणकराचे पैसे मी कुठून देऊ? आधी वाहनतळ द्या. आहेत ते आर्यन आणि मिनर्व्हा शनिवारी दुपारीच भरलेले असतात.

कोथरूडची लेक

मी वनाजहून मेट्रोने येते. सिव्हिल कोर्टला बदलायची, पुढे मंडई. घरातून निघाल्यापासून स्थानकाबाहेर येईपर्यंत काही त्रास नाही. खरा त्रास बाहेर पडल्यावर. पदपथ कुठे आहे, कुठे नाही, जिथे आहे तिथे दुचाकी लावलेल्या. पाच मिनिटांची वाट भिंतीला चिकटून काढायची. त्यामुळे शनिपार यांच्याशी मी सहमत आहे.

पण दोघांनीही जी गोष्ट लिहिली नाही ती मी लिहिते. स्वच्छतागृह. आईला घेऊन लक्ष्मी रोडला यायचं तर आधी हाच विचार असतो. चार तास फिरायचं आणि जायला धड जागा नाही. ओळखीचं दुकान असेल तर संकोचून विचारायचं, नाहीतर हॉटेलात जाऊन नको असलेली कॉफी मागवायची. माझ्या वयाच्या कितीतरी बायका मॉलला जातात त्या याच कारणाने, भाव किंवा एसी नंतर. बायकांच्या पैशावर चालणारा एवढा मोठा बाजार आणि त्यात बायकांसाठी पाणी आणि दिवा असलेली चार स्वच्छतागृहं नाहीत, हे मला फार लागतं. रस्ता बंद करा किंवा उघडा ठेवा, हे आधी करा.

वाड्याचा मालक

वाहनांवरची चर्चा वरवरची आहे. बाजार आजारी आहे तो इमारतींमुळे.

या रस्त्यावर कितीतरी दुकानं जुन्या भाडेकरूंची आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे भाडं वर्षाला ४ टक्के वाढवता येतं, तेही मुळातल्या नाममात्र रकमेवर. त्या भाड्यात पन्हाळीचं पत्रकामसुद्धा होत नाही. मालक दुरुस्ती करत नाही, भाडेकरू जागा त्याची नाही म्हणून करत नाही. खाली झगमगाट आणि वर लाकडी जिना कुजलेला, खोल्यांत खोकी. वरच्या मजल्यांवर पूर्वी कुटुंबं राहत होती. ती गेली आणि त्यांच्याबरोबर रोजचं गिऱ्हाईक गेलं. दूध, स्टेशनरी, शिंपी, चष्मेवाला यांचा धंदा बस्त्यावर चालत नव्हता, वर राहणाऱ्यांवर चालत होता.

दुसरीकडे, ज्या कंपनीचं भरणा भांडवल (भागधारकांनी प्रत्यक्ष भरलेली रक्कम) एक कोटी किंवा जास्त आहे तिला या कायद्याचं संरक्षणच नाही, तिथे भाडं बाजारभावाने. त्यामुळे वाडा पडून नवी इमारत झाली की तळमजला मोठ्या ब्रँडला जातो. उद्या रस्ता चालण्याजोगा झाला आणि भाव वाढले तर ही गती वाढेल. मग तिथे आणि वाकडच्या मॉलमध्ये फरक काय उरणार?

शनिपार

मालक, जुन्या भाडेकरूला भाववाढीचा धक्का बसत नाही, हे तुमच्याच मुद्द्यातून निघतं. धक्का बसेल तो नव्याने दुकान टाकणाऱ्याला. त्याचा विचार करायला हवा, हे खरं. पण जागेचा भाव वाढेल म्हणून रस्ता वाईटच ठेवायचा, हे मला पटत नाही.

गादीवरचे काका, आडवे रस्ते चालूच राहतील. शिवाजी रस्ता, बाजीराव रस्ता बंद करा असं मी म्हणत नाही. बेलबाग चौकात आजींना उतरवता येईल. दुकानांनी मिळून गठ्ठे वाहनतळापर्यंत पोचवणारी एक हातगाडी किंवा ई-रिक्षा ठेवली तर खर्च सगळ्यांत वाटला जाईल. बस्ता वर्षभर नसतो. उरलेल्या दिवसांत दुकानासमोर उभ्या असतात त्या बऱ्याच स्कूटर दुकानदारांच्या आणि नोकरांच्याच, हे तुम्हीही बघता. सकाळी लावलेली गाडी रात्रीच हलते. गिऱ्हाइकाला जागा नाही ती त्यामुळे. २०१८ मध्ये सशुल्क पार्किंगचं धोरण मंजूर झालं, ते कागदावर राहिलं.

आणि वेळा. २०१७ च्या दुकाने कायद्याने आठवड्याचे सातही दिवस दुकान उघडं ठेवता येतं, फक्त नोकरांना सुट्टी द्यावी लागते. हिंजवडीहून सुटलेला माणूस पेठेत पोचेपर्यंत निम्मी शटरं खाली येत असतात.

मिशिगनकर

मूळचा सदाशिव पेठेतला, आता अमेरिकेत. इथल्या कॅलामझू गावाने १९५९ मध्ये मुख्य बाजाराचा रस्ता मोटारींना बंद केला. उपनगरातल्या मॉलशी टक्कर द्यायची, हाच विचार होता. ते बघून अमेरिकेत दोनशेच्या आसपास गावांनी तसं केलं आणि बहुतेकांनी पुढे रस्ते परत उघडले. खुद्द कॅलामझूने १९९८ मध्ये काही भाग उघडला. फरशी आणि झाडं छान होती, पण आसपास राहणारं कुणी उरलं नव्हतं.

जे टिकले तेही सांगतो. बोल्डरचा पर्ल स्ट्रीट १९७७ पासून, बर्लिंग्टनचा चर्च स्ट्रीट १९८१ पासून. दोन्हीकडे विद्यापीठ जवळ, वस्ती जवळ, लोक पायी येणारे. म्हणून मला वाड्याच्या मालकांचा मुद्दा सगळ्यात वजनदार वाटतो. पेठांत अजून माणसं राहतात, क्लासला येणारी हजारो मुलं भाड्याने राहतात. तेवढी वस्ती कॅलामझूकडे नव्हती. ती आणखी घटायच्या आत जे करायचं ते करा.

पथारीवाली

तुळशीबागेत आमची पथारी आहे, कानातली, क्लिपा, रबर. सगळे रस्ता मोकळा करण्याबद्दल लिहितायत म्हणून लिहिते. मोकळा करायचा म्हटलं की पहिला हात आमच्या मालावर पडतो. गाडी उचलली तर दंड भरून गाडी परत मिळते, आमचा माल उचलला तर सणाचं भांडवल जातं.

२०१४ चा कायदा आहे आमच्यासाठी. जागा ठरवायची, हलवायचं तर शहर फेरीवाला समितीपुढे ठरवायचं. तुमच्या आराखड्यात पथारीची जागा रंगाने आखलेली दाखवा, मग मी तुमच्या बाजूने. गाड्या गेल्या तर आमचा धंदा वाढेलच, दहा रुपयांच्या क्लिपेसाठी कुणी स्कूटर लावत नाही. साडी घेऊन बाहेर पडलेली बाई मॅचिंग बांगड्यांना आमच्याकडेच येते, हे मोठ्या दुकानांनीही लक्षात ठेवावं.

गादीवरचा

ताई, ते आम्हाला माहीत आहे. आमच्याकडून तुमच्याकडे बाई पाठवतो ती आमचीच माणसं.

शनिपार, नोकरांच्या गाड्यांबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरं आहे आणि त्यावर आमच्यात भांडणंही झाली आहेत. पण ई-रिक्षा कोण चालवणार, तिचा चालक शनिवारी आला नाही तर कोण बघणार? चांदनी चौकातले व्यापारी माल आणि रिक्षांवरून तक्रारी करतायत, ते रोज कानावर येतं. प्रयोग करायचाच असेल तर आषाढात करा. लग्नं नसतात, धंदा तसाही मंद. तेव्हा गिऱ्हाईक वाढलं तर आकडे खोटं बोलणार नाहीत. जीएसटीची विवरणपत्रं बहुतेकांकडे असतात, आधीच्या वर्षाशी लावून बघू.

शनिपार

आषाढात पाऊस. छत्री घेऊन कोण रस्त्यावर फिरेल? तो प्रयोग पहिल्याच आठवड्यात पडेल आणि मग दहा वर्षं कुणी नाव घेणार नाही. पौष घ्या. पौषातही मुहूर्त नसतात, हवा कोरडी आणि थंड, दिवाळी उलटून गेलेली. पौष लागायच्या आधीच, पादचारी दिनाला जोडून सुरू करता येईल. ११ डिसेंबरच्या आसपास लावलेले अडथळे संक्रांतीपर्यंत काढायचेच नाहीत.

कोथरूडची लेक

पौष चांगला आहे. नाताळाच्या सुट्टीत मुलंही मोकळी असतात. फक्त तात्पुरती प्लास्टिकची खोकी ठेवून स्वच्छतागृह झालं म्हणू नका.

गादीवरचा

पौषात मुहूर्त नसले तरी संक्रांतीच्या काळ्या साड्या असतात, त्याचा माल डिसेंबरअखेर उतरतो. टेम्पो सकाळी दहापर्यंत दारात आला पाहिजे आणि हमालांना रात्री नऊनंतर थांबावं लागलं तर त्यांची मजुरी कोण देणार हे आधी ठरलं पाहिजे. नोकरांच्या गाड्यांना मंडईत महिन्याचा पास. पथारीची जागा आखलेली. एवढं कागदावर आलं तर व्यापाऱ्यांच्या बैठकीत विषय मी मांडतो. विरोध होईल, माझाही अजून आहे. बारामतीहून आलेल्या दोन गाड्या चार तास कुठे उभ्या राहणार, याचं उत्तर वरच्या कुठल्याच प्रतिसादात मला मिळालेलं नाही.