विषय: वॉरटाइम घर, माळा आणि शॉप-व्हॅक

मंडळी, नमस्कार.
कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये अखेर घर मिळालं, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं! दीड मजली, तीव्र उताराचं छप्पर, जेमतेम 900 चौरस फूट. स्वयंपाकघर एवढं की ओव्हनचं दार उघडलं की माणसानं बाहेर जायचं. म्हणून मधली भिंत पाडून ओपन किचन करायचा विचार आहे. माळ्यावर करड्या-सोनेरी खड्यांसारखं काहीतरी पसरलंय. शनिवारी ते काढून टाकतो. कुणाकडे शॉप-व्हॅक (कचरा ओढणारा मोठा व्हॅक्यूम) आहे का?
– नवे हॅमिल्टनकर

---

अरे बाबा,
शॉप-व्हॅक आहे, पण देणार नाही. माळ्याला हात लावू नकोस!

ते खडे पेटीच्या भात्यासारखे पापुद्र्यांचे असतील तर व्हर्मिक्युलाइट आहे, थंडी अडवायला माळ्यावर पसरायचं खनिज. इकडे वापरलेला बराचसा माल मोंटानातल्या लिबीच्या खाणीतला, आणि त्यात अ‍ॅस्बेस्टॉस मिसळलेलं होतं, श्वासातून आत गेलं तर घातक. ती खाण 1990 मध्ये बंद झाली, माल मात्र लोकांच्या माळ्यांवर राहिला. सगळाच तसा नसतो, पण डोळ्यांनी ओळखता येत नाही. माळ्याचं झाकण बंद ठेव आणि तपासून घे.

आता घराबद्दल. 1941 मध्ये ओटावा सरकारनं 'वॉरटाइम हाउसिंग लिमिटेड' ही सरकारी कंपनी काढली, दारूगोळ्याच्या आणि इतर युद्धसामग्रीच्या कारखान्यांतल्या कामगारांना राहायला जागा हवी म्हणून. तयार तक्ते आणायचे, जोडायचे आणि युद्ध संपलं की उकलून न्यायचे, असा बेत. म्हणून बहुतेकांना तळघर नाही, घर नुसतं खुंटांवर टेकवलेलं. पण कामगार हलले नाहीत, वर परतलेल्या सैनिकांनाही घरं हवी झाली, आणि शेवटी बरीचशी भाडेकरूंनाच विकून टाकली. तात्पुरतं म्हणून बांधलेलं टिकतं ते असं (आपल्या मंडळाची तात्पुरती कार्यकारिणी आठवा).

मालकी आल्यावर लोकांनी हात घातला तो थेट जमिनीखाली. घर जॅकवर उचलायचं, खाली खणायचं, भिंती बांधायच्या, पुन्हा टेकवायचं. मग लाकडावर अ‍ॅल्युमिनियमचं सायडिंग (बाहेरच्या भिंतीवरचं पट्ट्यांचं आवरण), त्यावर विनाइल, मागे एक खोली, वर डोकं आपटतं म्हणून डॉर्मर, म्हणजे उतरत्या छपरातून बाहेर काढलेली उभी खिडकी. आमच्या घरात सायडिंग काढलं तेव्हा खालच्या लाकडात सारख्या अंतरावर बुजवलेली भोकं निघाली. सत्तरच्या दशकात तेल महागलं तेव्हा घराची ऊब टिकावी म्हणून भिंतीत फॉर्मल्डिहाइडचा फोम भरत, त्याच्या या खुणा. त्या फोमवर 1980 मध्ये बंदी आली. आधीच्या मालकानं कधी काय केलं हे अशा खुणांवरूनच कळतं, कागद कुणी ठेवत नाही.

आमची चूक सांगतो. आम्ही हौसेनं आधी स्वयंपाकघर केलं. दोन हिवाळ्यांत टाइलला तडा. खाली पाहिलं तर मधली तुळई ज्या खांबावर होती तो खांब खचलेला. नवं स्वयंपाकघर उचकटून पुन्हा बसवलं. आणि तू पाडायला निघालायस ती मधली भिंत बहुधा वरच्या मजल्याचं वजन घेऊन उभी आहे. आधी इंजिनियर, मग परमिट, मग हातोडा. फ्यूजबॉक्स 60 अँपचा असेल तर विमावाले आधी तेच विचारतील.
– तुमचे काका

---

काकांनी सगळं सांगितलं, फोडणीचं राहिलं.
ओपन किचन कराच, पण चुलीवरची हवा घराबाहेर नेणारा हूड आधी बसवा. तीच हवा जाळीतून परत खोलीत सोडणारा आमच्याकडे होता. जिना स्वयंपाकघराला लागूनच, त्यामुळे हिंगाचा वास थेट वरच्या अंथरुणांत! आणखी एक: फटी बुजवलेल्या छोट्या घरात जोराचा हूड लावला तर जुन्या फर्नेसचा (घर तापवणाऱ्या भट्टीचा) किंवा गीझरचा धूर उलटा घरात येऊ शकतो. ताजी हवा आत यायची सोय आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, दोन्ही हवंच.
– काकू (वरच्यांच्याच)

---

काका, काकू, मनापासून आभार. माळ्याचं झाकण टेप लावून बंद केलं. इंजिनियर गुरुवारी येतोय. शॉप-व्हॅक नको, पण तुमची शिडी मिळेल का?

---

शिडी कशाला? माळ्यावर जायचं नाही म्हटलं ना!

---

पन्हळ साफ करायची आहे, काका. पानांनी तुंबलीय, पाणी भिंतीवरून उतरतंय.

---

मग आजच ने. पाणी पायाशी मुरलं तर तुझाही खांब खचेल.