पाहुण्यांसाठी लग्नाची वेबसाइट केली होतीत का? अनुभव सांगा

मधली_जाऊ
काल भाच्याच्या लग्नाची पत्रिका आली. वर गणपती, खाली कुलदेवता आणि मध्ये क्यूआर कोड. तो बघितला आणि आमची साइट आठवली.

२०१६, डिसेंबर, सावंतवाडी. निम्मे पाहुणे मुंबई-पुण्याचे, नवऱ्याच्या ऑफिसातले तर कोकणात पहिल्यांदाच येणारे. रोज तेच फोन. उतरायचं कुठे, थंडी असते का, शाकाहारी मिळेल ना. (मिळेल ना म्हणे!) शेवटी वैतागून फुकटातली साइट केली. 'आमची प्रेमकहाणी' हे पान दोन रात्री जागून लिहिलं. ते माझ्या आईनेसुद्धा वाचलं नाही. वाचलं गेलं ते एकच, 'कसं यायचं'. स्टेशन गावात नाही, मळगावला आहे. सगळ्या गाड्या थांबत नाहीत, नसेल थांबत तर कुडाळला उतरा. रात्री उतरणार असाल तर आधी कळवा.

आणि मग ८ नोव्हेंबर. रात्री टीव्हीवर नोटाबंदी. आई रडायला लागली, बाबा कार्यालयवाल्याला फोन लावतायत, आणि मी साइटवर 'कृपया आहेर आणू नये'च्या खाली घातलं, 'विशेषतः पाचशे-हजारच्या नोटांत'. बाबांनी काढायला लावलं, पण तोवर स्क्रीनशॉट गोतावळ्यात फिरला होता. दुसऱ्या दिवशी शहाण्यासारखं लिहिलं की स्टेशनवर आमची गाडी उभी असेल, रिक्षासाठी सुटे शोधत बसू नका.

तरी एका काकांनी पाकिटातून जुनी हजाराची नोट दिलीच, वर एक रुपया. नोट ३० डिसेंबरच्या आत बँकेत भरली. रुपया आहे अजून.

तुमचं सांगा. काय कामाला आलं, काय फसलं?

खेकडा
काकांना साष्टांग 😂😂

रात्रपाळी
आम्ही न्यू जर्सीत, लग्न धाकट्या दिराचं नाशकात, तुळशीचं लग्न झाल्यावर. साइटवर लाइव्हची लिंक आणि मुहूर्त आमच्या वेळेत लिहायचं काम माझ्याकडे. ऑक्टोबरात बसून हिशोब केला, साडेनऊ तासांचा फरक. ११:४२ चा मुहूर्त म्हणजे आमचे रात्रीचे २:१२. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे जातात हे डोक्यातच आलं नाही. फरक झाला साडेदहाचा, म्हणजे मुहूर्त खरा १:१२ ला.

वीस-बावीस घरं पहाटे दोनला उठून, काही जणी नऊवारी नेसून, हातात अक्षता घेऊन बसलेली. लिंक उघडली तर पडद्यावर पंगत. एक गृहस्थ जिलबी परत मागतायत. सासूबाई अजून दर दिवाळीला विचारतात, "घड्याळ बघितलंस ना गं?"

पळी_पंचपात्र
छान धागा. अवांतर: पुण्यात फेब्रुवारीत ३०० माणसांचं कार्यालय सुचवा कोणीतरी. पार्किंग हवं. बाहेरचा केटरर चालणारं.

कैरी
आमच्या साइटवर मी लिहिलं 'जवळचा विमानतळ गोवा'. लग्न वेंगुर्ल्याला. २०२३ च्या जानेवारीत मोपा सुरू झाला, तेव्हापासून गोव्यात दोन विमानतळ. मोपा पेडण्यात, म्हणजे आमच्या अंगणातच. दाबोळी पार वास्कोकडे. नवऱ्याचे बंगलोरचे मित्र स्वस्तातलं तिकीट बघून दाबोळीला उतरले, आमची गाडी मोपाला. ड्रायव्हर विचारतोय कुठे उभे आहात, ते म्हणतायत बाहेर, तोही म्हणतोय बाहेर. हळद चुकली त्यांची.

जीओएक्स मोपा, जीओआय दाबोळी. ज्यांचं लग्न तळकोकणात आहे त्यांनी साइटवर हे ठळक लिहा.

खेकडा
@कैरी, वेंगुर्ल्यात कुठे? आमचं आजोळ शिरोड्याला

छापखाना
आमचा पत्रिका छापायचाच धंदा. वडिलांच्या वेळचे फॉन्ट युनिकोड नाहीत. लोक पत्रिकेचा मजकूर मागून नेतात आणि तसाच साइटवर चिकटवतात. एका वराकडच्या मंडळींनी न वाचता चढवला. 'श्रीगजानन प्रसन्न'च्या जागी इंग्रजी अक्षरं, टिंबं, कंस. शिवी दिल्यासारखं दिसत होतं. मजकूर पुन्हा टाइप करा हो. आजोबांचं नाव चुकलं तर मानपान निघतो, मग आम्हीच ऐकून घेतो.

आजीचा_डबा
आमची साइट पाहुण्यांनी येऊ नये म्हणून होती. २०२१ चा एप्रिल, २५ माणसं, दोन तासांत उरका, नाहीतर पन्नास हजार दंड. आमंत्रण गेलेलं चारशे जणांना. फोन करून 'येऊ नका' म्हणायची हिंमत कोणाचीच होईना. साइटवर एक पान टाकलं आणि दोन्हीकडच्या आज्यांचा आवाज रेकॉर्ड करून लावला, "घरूनच अक्षता टाका, जेवण आमच्याकडे उधार." सगळ्यात जास्त ऐकलं गेलं ते तेच. त्यातली एक आजी पुढच्या महिन्यात गेली. साइट अजून ठेवलीये. दरवर्षी पैसे भरते.

रात्रपाळी
@आजीचा_डबा 🙏 काय बोलू.

मधली_जाऊ
@आजीचा_डबा, आवाज फोनमध्येही उतरवून ठेव गं. साइट बंद पडतात. आमची गेली.

निवांत
आम्ही मावशीला लिंक पाठवली. तिने ब्लॉक केलं. हल्ली लग्नाची पत्रिका म्हणून एपीके फाइल येते, उघडली की बँकेतले पैसे जातात, हे तिने भिशीत ऐकलेलं. चूक तिची नाहीच. शेवटी जुन्या पद्धतीने, घरी जाऊन हळद-कुंकू लावून छापील पत्रिका दिली. तेव्हा म्हणाली, "आता उघडते." आणि उघडून पहिला प्रश्न, "यात माझं नाव कुठाय?"

खेकडा
आमच्या दादाने ताईच्या २०२२ च्या साइटची नक्कल मारली, नावं-तारखा बदलल्या फक्त. त्यात 'रेल्वे आरक्षण १२० दिवस आधी' तसंच राहिलं. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलंय. भाऊजी चार महिने आधीपासून रोज सकाळी आठला मोबाइल घेऊन बसायचे. आठवडाभराने फोन, "तुमच्या लग्नाची तारीख रेल्वेला मान्य नाही."

पळी_पंचपात्र
कार्यालयाचं कोणी सांगितलं नाही 😔

कैरी
@खेकडा, उभादांड्याला. शिरोड्यात कोणाकडचे तुम्ही?

मधली_जाऊ
क्यूआर कोड आत्ता उघडून बघितला. प्रेमकहाणी सात पानं, फोटोंसकट. 'कसं यायचं'वर टिचकी मारली तर 'लवकरच'. लग्न सोळा दिवसांवर. भाच्याला फोन लावते.

छापखाना
@पळी_पंचपात्र, निरोप केलाय, बघा.