पिविगो गॅलरीचं टेम्प्लेट मराठीला बसेना. नवीन घेऊ की आहे तेच दुरुस्त करू?

जिंतूरचा स्टुडिओवाला:

नमस्कार मंडळी. जिंतूरला माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराई संपली की पासपोर्ट फोटो अन् शाळांचे आयकार्ड, एवढंच काम उरतंय. त्या दिवसांत मी बारवा, जुनी देवळं, गढ्या हिंडत असतो. चारठाणा तर घरचंच. वालूर, औंढा, अंबड, वेरूळ, नळदुर्ग असं बरंच जमा झालंय. हार्ड डिस्कमध्ये ठेवून कोणाला दिसणार? म्हणून स्वतःचं होस्टिंग (साइटसाठी भाड्याची जागा) घेऊन त्यावर पिविगो हे फोटो गॅलरीचं सॉफ्टवेअर बसवलं.

फोटो चढले, पण जसं पाहिजे तसं दिसना झालंय. अल्बमच्या नावात ‘चारठाणा’ लिहिलं तर अक्षरं सुटी सुटी दिसायलीत, वरची रेघच तुटलेली. चारठाण्याचा तो उंच कोरीव स्तंभ आहे ना, त्याचा थंबनेल (यादीत दिसणारा छोटा फोटो) चौकोनी निघतो. वरचं कापलं, खालचं कापलं, मधला दगड तेवढा दिसतो. फोटोखालची ओळ लांब असली की मधेच कापून शेवटी काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह येतंय. स्टुडिओत आम्ही बऱ्याच ओळी श्रीलिपीत (मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर) टाइप करून ठेवलेल्या, त्या इथं चिकटवल्या तर नुसता कचरा.

त्यात जिल्ह्यांची नावं बदलली. माझे अल्बम ‘औरंगाबाद’, ‘उस्मानाबाद’ असेच होते अन् त्यांच्या लिंका व्हॉट्सॲपवर गावभर फिरल्यात. आता नाव बदललं तर लिंक मरेल का?

ज्या पोरानं साइट बसवून दिली त्यानं थीमच्या, म्हणजे टेम्प्लेटच्या, फायलीत थेट हात घालून रंग बदलले होते. अपडेट मारलं अन् सगळं पुसलं. आता तो म्हणतो नवीन विकतचं टेम्प्लेट घ्या, त्याशिवाय होत नाही. घ्यावं का?

गोदाकाठ, नांदेड:

पिविगोच्या नादी कशाला लागता? फ्लिकरवर टाका, मोकळे व्हा. टेम्प्लेटचं टेन्शनच नाही.

जिंतूरचा स्टुडिओवाला:

फ्लिकरचं फुकट खातं २०१९ पासून १००० फोटोंवर थांबतंय, दादा. गूगल फोटोजचं पण २०२१ च्या जूनपासून १५ जीबीच्या पुढं पैसे. अन् मला फोटोखाली गाव, तालुका, बारवेला कुठल्या बाजूनं उतरायचं हे सगळं माझ्या पद्धतीनं मांडायचंय.

खिळेजुळणी, लातूर:

भाऊ, नवीन टेम्प्लेट घेऊ नका. तेही इंग्रजीसाठीच बेतलेलं निघेल आणि हीच रड पुन्हा सुरू होईल. मी लातूरच्या छापखान्यांत डीटीपी करत आले, आता वेबसाइटची कामं करते. तुम्ही सांगितलेलं एकही दुखणं टेम्प्लेट टाकून देण्याइतकं मोठं नाही.

आधी त्या पोराचं बघू. थीमच्या मूळ फोल्डरला हात लावायचाच नाही. नुसते रंग आणि फॉन्ट बदलायचे असतील तर पिविगोच्या ॲडमिनमध्ये ‘लोकल फाइल्स एडिटर’ नावाचं प्लगइन आहे. त्यात सीएसएसचा, म्हणजे पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या सूचनांचा, टॅब मिळतो. तिथं लिहिलेलं ‘लोकल’ फोल्डरमध्ये राहतं आणि अपडेट त्याला शिवत नाही. मांडणीच बदलायची असेल तर ‘थीम्स’मध्ये आपलं नवं फोल्डर करा, त्यात ‘थीमकॉन्फ’ ही छोटी फाइल ठेवा आणि तिच्यात सध्याची थीम पालक म्हणून नोंदवा. मग जी टीपीएल फाइल (पानाच्या मांडणीची) बदलायची तेवढीच उचलून आपल्या फोल्डरमध्ये आणायची, बाकी सगळं पिविगो पालक थीममधून घेतं. अख्खी थीम कॉपी करू नका, नाहीतर तिच्यातल्या पुढच्या दुरुस्त्या तुमच्यापर्यंत येणारच नाहीत. नेटवर शोधताना ‘पीएचपी वेबगॅलरी’ नावाचे जुने सल्ले सापडतील. २००९ पर्यंत पिविगोचं तेच नाव होतं, त्यामुळे ते जपून वापरा.

आता तुटलेली रेघ. इंग्रजी कॅपिटल अक्षरं सुटी केली की ऐटदार दिसतात, म्हणून डिझायनर मथळ्यांना ‘लेटर-स्पेसिंग’ लावून ठेवतात. आपली अक्षरं एका दोरीवर वाळत घातलेली, त्यांच्यात अंतर टाकलं की दोरीच तुटते. मथळ्यावर राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ उघडा, लेटर-स्पेसिंग कुठून येतंय ते शोधा आणि आपल्या सीएसएसमध्ये ते शून्य करा. मेनू आणि बटणांवरही बघा, तिथं हटकून लपलेलं असतं.

तिथंच असताना ‘लाइन-हाइट’, म्हणजे ओळीची उंची, पण बघा. बऱ्याच थीममध्ये मथळ्याला १.१ किंवा १.२ असते. इंग्रजीला ते पुरतं. आपल्याकडे वर रफार आणि वेलांटी, खाली उकार. ‘मूर्ती’ हा एकच शब्द घ्या. चौकट घट्ट असली की वरचा रफार कापला जातो आणि खालचा ऊकार पुढच्या ओळीला टेकतो. १.५ च्या खाली जाऊ नका. फॉन्ट म्हणाल तर ‘मुक्त’, ‘नोटो सॅन्स देवनागरी’ किंवा ‘तिरो देवनागरी मराठी’, तिन्ही फुकट आहेत. जास्तीत जास्त साधा आणि ठळक एवढ्या दोनच जाडीच्या फायली घ्या. देवनागरी फॉन्ट वजनदार असतात आणि तुमचे लोक मोबाइलवरच बघणार. शिवाय हेडरच्या टीपीएलमध्ये पानाची भाषा मराठी नोंदवा. ज्या फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ची मराठी आणि हिंदी अशी दोन्ही वळणं असतात, तो या नोंदीवरून आपलं वळण निवडतो.

प्रश्नचिन्हाची चौकट कुठून येते सांगते. थीमच्या थंबनेलच्या टीपीएलमध्ये ‘ट्रंकेट’ शोधा. ओळ अमुक लांबीची झाली की तोडायचं काम ते करतं. सर्व्हरवर ‘एमबीस्ट्रिंग’ (इंग्रजीबाहेरची अक्षरं नीट मोजायची सोय) चालू नसेल तर ते अक्षरं न मोजता बाइट मोजतं. यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट घेतं, सुरी मधेच पडली की उरलेल्या तुकड्याचं प्रश्नचिन्ह होतं. आणि एमबीस्ट्रिंग चालू करूनही जोडाक्षर मधूनच तुटून पाय मोडका ‘क्’ शिल्लक राहू शकतोच. म्हणून ट्रंकेट काढूनच टाका. पूर्ण ओळ येऊ द्या आणि सीएसएसच्या ‘लाइन-क्लॅम्प’नं ती दोन ओळींत थांबवा. तोडायचं काम ब्राउझरवर सोपवलं की तो जोडाक्षर फोडत नाही.

श्रीलिपीचा मजकूर फॉन्ट बदलून सुधारणार नाही, कारण आत मराठी नाहीच, भलत्याच अक्षरांवर मराठीचे मुखवटे चढवलेत. कन्व्हर्टरमधून युनिकोड (सगळीकडे वाचता येणारी खरी मराठी) करून घ्या, पण त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. बारवांच्या ओळींत ‘पायऱ्या’ हा शब्द जिथं तिथं येणार. काही कन्व्हर्टर त्याचं ‘पायर्या’ करतात. आणि बरोबर दिसला तरी तो आत दोन तऱ्हांनी लिहिलेला असू शकतो. एकीत नुक्ता (खालचं टिंब) असलेला ‘ऱ’, दुसरीत साधा ‘र’, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण शोधपेटीत एक टाकला तर दुसरा सापडेलच असं नाही. लोक म्हणतील वालूरच्या चक्राकार पायऱ्या तुमच्या साइटवर नाहीतच. सगळ्या ओळी एका मजकूर फाइलमध्ये घेऊन एकच रूप ठरवा आणि फाइंड-रिप्लेस मारा. मगच पिविगोत चढवा.

स्तंभाचं सोपं आहे. पिविगोत ‘स्क्वेअर’ हे माप कापून घेतं, ‘थंबनेल’ हे माप मुळात कापत नाही. टेम्प्लेटमध्ये कुठलं मागवलंय ते बघा. चौकोनच आवडत असतील तर फोटोच्या ॲडमिन पानावर महत्त्वाचा भाग आखून द्यायची सोय आहे, कापताना पिविगो तो धरून कापतं. मी मात्र न कापलेलं माप घेऊन ओळीची उंची सारखी ठेवीन आणि रुंदी मोकळी सोडीन. आपल्याकडचे स्तंभ, दीपमाळा, वीरगळ सगळे उभेच. आणि माउस फोटोवर नेल्यावरच नाव दिसणारी थीम असेल तर ते आधी काढा. मोबाइलवर माउस कुठला आलाय? नाव कायम फोटोखाली दिसलं पाहिजे.

जिल्ह्यांबद्दल माझं मत वेगळं आहे. जिल्हा हा अल्बमच करू नका. औंढा १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात होतं, आता हिंगोलीत. अंबड १९८१ पर्यंत औरंगाबाद जिल्ह्यात, मग जालन्यात. आमचं लातूर १९८२ मध्ये उस्मानाबादेतून निघालं. २०२३ मध्ये पुन्हा नावं बदलली. जुनं पुस्तक हातात घेऊन शोधणारा एका जिल्ह्यात शोधेल, आजचा पोरगा दुसऱ्या. बारवा, देवळं, किल्ले, गढ्या असे अल्बम करा, त्यात गावं. जिल्हा टॅगमध्ये, आणि टॅग जुन्या-नव्या दोन्ही नावांचे.

लिंक मरू नये म्हणून अल्बमला ‘परमालिंक’, म्हणजे आपण ठरवलेला कायमचा पत्ता, द्या. तो बदलताना जुना इतिहासात जपायचा पर्याय पिविगो देतं, मग जुन्या लिंकवर आलेला माणूस नव्या जागी पोचतो. परमालिंक इंग्रजी अक्षरांत ठेवा. ‘चारठाणा’ या एका शब्दात ७ चिन्हं आहेत, व्हॉट्सॲपवर चिकटवताना प्रत्येकाची टक्केवाली ९ अक्षरं होतात, म्हणजे ६३ अक्षरांची माळ. ती बघून लोकांना फसवणुकीची लिंक वाटते आणि ते दाबत नाहीत.

अजिंठा रोड:

ताईंनी बहुतेक सगळं सांगितलंच. मी पण फोटोग्राफर, संभाजीनगरला असतो, म्हणून रंगाचं सांगतो. फोटो एसआरजीबी या वेबच्या नेहमीच्या रंगपद्धतीतच एक्स्पोर्ट करा. सर्व्हरवर इमेजमॅजिक हे फोटो लहान करायचं सॉफ्टवेअर नसेल तर पिविगो त्याऐवजी ‘जीडी’ वापरून लहान मापं बनवतं अन् जीडी फोटोतलं कलर प्रोफाइल टाकून देतं. ॲडोबी आरजीबी या दुसऱ्या रंगपद्धतीतला फोटो असला तर घृष्णेश्वराचा तांबडा दगड पार मळकट दिसतो. मग माणूस टेम्प्लेटच्या पार्श्वभूमीला दोष देत बसतो.

दुसरं जरा नाजूक आहे. फोटोच्या पानावर एक्झिफची (कॅमेऱ्यानं फाइलमध्ये नोंदवलेली) माहिती अन् नकाशा दाखवायची हौस सगळ्यांना असते. बारवेचं ठिकाण जरूर दाखवा, लोक जाऊन साफसफाई तरी करतील. पण शेतात, पाराखाली सुट्या पडलेल्या मूर्ती, वीरगळ यांचं नेमकं ठिकाण देऊ नका. तिथं राखण कोणाची नसते अन् मूर्ती उचलणारे पण इंटरनेट वापरतात. नुसतं टेम्प्लेटमधून नकाशा काढून भागत नाही. मूळ फाइल डाउनलोड करायची मुभा ठेवली असेल तर जीपीएस तिच्यात तसंच राहतं. चढवायच्या आधीच पुसा.

जिंतूरचा स्टुडिओवाला:

ताई, दादा, लई उपकार झाले. लेटर-स्पेसिंग शून्य केलं अन् रेघ जुळली की! स्तंभ पण डोक्यापासून पायथ्यापर्यंत दिसायलाय. जीपीएसचं तर माझ्या ध्यानातच नव्हतं, एका गावातल्या मूर्तींचा अल्बम लगेच बंद करून ठेवलाय.

एकच अडलंय. आपल्या थीममधली थंबनेलची टीपीएल बदलली, ट्रंकेट काढलं, सेव्ह केलं. साइटवर काहीच फरक नाही. होस्टिंगवाल्याला फोन केला तर तो म्हणतो मोठा प्लॅन घ्या.

खिळेजुळणी, लातूर:

मोठ्या प्लॅनचा इथं काय संबंध? पिविगो टीपीएल फायली ‘स्मार्टी’ या आपल्या टेम्प्लेट यंत्रणेतून एकदा शिजवून (कंपाइल करून) साठवून ठेवतं आणि तुम्हाला बहुधा ती जुनीच वाढली जातेय. ॲडमिनमध्ये टूल्स, मग मेन्टेनन्स, तिथं कंपाइल केलेली टेम्प्लेट पुसायचं बटण आहे, ते दाबा. मग मोबाइलवर खासगी खिडकीत साइट उघडून बघा, नाहीतर ब्राउझरची जुनी साठवण दिसत राहील. तरीही फरक पडला नाही तर चालू असलेली थीम तुमची आहे की पालक, हे आधी बघा. निम्म्या वेळा पालकच चालू असते.

फोटोंची मापं बदलली असतील तर त्यांचीही साठवण त्याच पानावरून पुसा. पुढची मापं पिविगो कोणी फोटो उघडेल तशी बनवतं, म्हणून पुसल्यावर प्रत्येक अल्बम स्वतः एकदा उघडून या. नाहीतर पहिल्या पाहुण्याला ताटकळत बसावं लागतं.

आणि श्रीलिपीतून आलेल्या ओळींत ‘तीर्थ’, ‘दुर्ग’, ‘सूर्य’ हे शब्द शोधून बघा. रफार बिघडला असेल तर तो तिथंच सापडेल.