मदत हवी आहे: ‘वरिष्ठांशी पटलं नाही असा प्रसंग सांगा’ याला काय उत्तर द्यायचं?

नमस्कार मंडळी. मी खानापूरकडचा, डिप्लोमा मेकॅनिकल. बेळगावात उद्यमबागेत एका मशिन शॉपमध्ये व्हीएमसीवर (धातू कापणारं संगणकी मशिन) आहे. चाकणच्या एका कंपनीत अर्ज केलाय. एचआरची फोनवरची फेरी झाली, टेक्निकलही झाली. ड्रॉइंग, टॉलरन्स, ऑफसेट यात काही अडलं नाही. आता पॅनेल. प्लांट हेड, क्वालिटीवाले आणि एचआर एकत्र बसणार, आणि सगळे प्रश्न ‘असा प्रसंग सांगा’ छापाचे असतात म्हणे.

माझ्याकडे एकच प्रसंग आहे. रात्रपाळीला पंप बॉडीचं बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, मापताना साइज पीसागणिक खालच्या मर्यादेकडे सरकत होती. इन्सर्ट, म्हणजे कापणारं पातं, झिजलेला. माल न्यायची गाडी दारात उभी. सुपरवायझर म्हणाले, अजून मर्यादेत आहे ना, चालू दे. मी मशिन थांबवलं. हे सांगितलं तर साहेबांची चहाडी केल्यासारखं होत नाही काय? आणि शॉपमध्ये आमचं अर्धं बोलणं कन्नडात, अर्धं मराठीत. इंग्रजीत कसं बसवायचं?

निपाणीहून उत्तर:
चहाडी कसली त्यात! साहेबांचा स्वभाव सांगू नका, त्यांची अडचण सांगा: गाडी वेळेत सुटायला हवी होती. त्यांचंही बरोबरच होतं की. मग तुम्ही काय केलंत तिथं वेळ द्या. शेवटचे पीस बाजूला काढले का, बोअर गेजची मापं लिहून साहेबांना दाखवली का, इन्सर्ट बदलल्यावर पहिला पीस मापला का. बोअर लहान राहिलं तर परत कापून मापात आणता येतं, मोठं झालं तर पीस भंगारात, हेही बोला. क्वालिटीवाले तिथंच कान टवकारतात. शेवटी गाडी कधी सुटली ते. परिस्थिती, जबाबदारी, कृती, निकाल असा हा क्रम. इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘स्टार’ म्हणतात. पहिल्या दोन्हींना मिळून चार वाक्यं बास. बरेच जण मशिनचं वर्णन करण्यातच दमतात. गिऱ्हाईक कंपनीचं नाव मात्र घेऊ नका.

धागाकर्ता:
थँक्यू दादा. साहेबांनी ऐकलंच नसतं तर काय केलं असतं, असं विचारलं तर?

निपाणीहून उत्तर:
विचारणारच. तो प्रश्न वेगळ्या जातीचा, ‘असं झालं तर काय कराल’वाला. तिथं गोष्ट रचायची नाही, पायऱ्या सांगायच्या: मापं लेखी देईन, क्वालिटीला कळवीन, तोवर पीसांना होल्डचा, म्हणजे पुढं पाठवू नका असा, टॅग लावीन. भाषेचं म्हणाल तर बसल्याबसल्या विचारा, मराठीत सांगितलं तर चालेल काय म्हणून. शॉप फ्लोअरच्या जागेला विचारायला हरकत नाही.

आणि एका प्रसंगावर जाऊ नका हो. मशिन बंद पडलेलं, नव्या पोराला शिकवलेलं, स्वतःचं काही चुकलेलं, असे अजून दोन-तीन काढून ठेवा. तीन प्रश्नांना तीच पंप बॉडी आली की पॅनेल कंटाळतं. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. दोन मिनिटांच्या वर गेलं तर सुरुवातीचं कापा, शेवटचं नको.