मदत हवी आहे : रेड-१ मध्ये दोन डिस्क, तरी वाचनाचा वेग एकाच डिस्कएवढा

नमस्कार मंडळी,

लिनक्स सर्व्हरवर ७२०० आरपीएमच्या दोन सारख्या हार्ड डिस्क एमडीएडीएमने (mdadm, लिनक्सचं डिस्क एकत्र जोडायचं साधन) रेड-१ मध्ये (RAID, अनेक डिस्क मिळून एक) लावल्या आहेत. लिहिताना वेग वाढणार नाही हे मान्य, दोन्हीकडे तेच लिहायचं असतं. पण वाचताना अर्धं हिच्याकडून, अर्धं तिच्याकडून, असं व्हायला नको का?

कॅश (आधी वाचलेला, मेमरीत राहिलेला डेटा) रिकामी करून मोठी व्हिडिओ फाइल डीडीने (dd, डेटा सरळ वाचणारी कमांड) वाचली, तर काटा सेकंदाला १८० एमबीच्या आसपास अडकतो. सुटी डिस्कही तेवढंच देते. आयओस्टॅटमध्ये (iostat, डिस्कवरचा भार दाखवणारी कमांड) एक डिस्क घाम गाळतेय आणि दुसरी निवांत. याच डिस्क रेड-० मध्ये (डेटा दोन्हींत वाटलेला, दुसरी प्रत नाही) साडेतीनशेच्या घरात जायच्या. केबल, पोर्ट बदलून झालं, सिंकही (दोन्ही प्रती जुळवणं) पूर्ण आहे. रेड-० नको, एक डिस्क गेली की सगळंच गेलं. काय चुकतंय?

प्रतिसाद १
काहीच नाही. एकच सलग वाचन असेल तर कर्नल (लिनक्सचा गाभा) ते मुद्दाम एकाच डिस्कला देतो. रेड-१ मध्ये दोन्ही डिस्कवर सगळा डेटा सलग असतो. आळीपाळीने वाचायचं म्हटलं तर प्रत्येकीला मधला तुकडा सोडावा लागेल, आणि तबकडी तर फिरतच असते. तो तुकडा हेडखालून जाईपर्यंत वाट बघायचीच. वाचला काय, न वाचला काय, वेळ तोच. रेड-० मध्ये डिस्कच्या वाट्याचेच तुकडे एकाला एक लागून असतात, सोडायला काही नसतंच. दोन वेगवेगळ्या फाइली एकदम वाचून बघा.

धागाकर्ता
बघितलं. दोन्ही डिस्क कामाला लागल्या, बेरीज तीनशेच्या वर! पण माझं काम एका वेळी एकाच फाइलचं आहे हो.

प्रतिसाद २
मग रेड-१० (डेटा वाटायचा आणि प्रतही ठेवायची), त्यातला ‘फार’ (far) लेआउट, म्हणजे मांडणी. एमडीला (md, लिनक्सचं रेड सांभाळणारा भाग) त्यासाठी दोन डिस्क पुरतात. पहिली प्रत दोन्ही डिस्कच्या पहिल्या अर्ध्यात रेड-० सारखी पसरते, दुसरी प्रत उरलेल्या अर्ध्यात, डिस्कची अदलाबदल करून. सलग वाचन जवळपास रेड-० एवढं, तेही बाहेरच्या, म्हणजे वेगवान ट्रॅकवरून. एक डिस्क मेली तरी डेटा शाबूत. लिहिताना मात्र हेडला लांब उड्या माराव्या लागतात, तिथे थोडा मार बसतो. ‘निअर’ (near) लेआउट घेऊ नका, दोन डिस्कवर तो रेड-१ च असतो. आहे त्या ॲरेचं (डिस्कच्या संचाचं) थेट रूपांतर होत नाही, नवीन बनवावी लागेल. आधी बॅकअप!

धागाकर्ता
लिहिणं कमीच असतं, चालेल. चंक (एका डिस्कवर सलग जाणारा तुकडा) किती ठेवू?

प्रतिसाद २
डिफॉल्ट ५१२ केबी राहू द्या. रीड-अहेड (पुढचा डेटा आधीच मागवून ठेवायचं प्रमाण) मात्र तपासा, तो कमी असेल तर दुसऱ्या डिस्कपर्यंत मागणी पोचतच नाही. ब्लॉकडेव्ह (blockdev) कमांडमध्ये तो आकडा केबीत नसतो, ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये असतो. ४०९६ लिहिलंत तर ते २ एमबी.