सिकलसेल: 'एका इंजेक्शनात बरा' म्हणणाऱ्यांना उत्तर

प्रयोगशाळा_ब्रह्मपुरी
काल इथे कोणीतरी लिहिलं: "क्रिस्पर आलं आहे, एका इंजेक्शनात सिकलसेल बरा. लाल-पिवळी कार्डं आणि हायड्रॉक्सियुरिया आता बंद करा." सिकलसेल म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार. क्रिस्पर हे जनुक कापण्याचं तंत्र. लाल कार्ड रुग्णाचं, पिवळं वाहकाचं, आणि हायड्रॉक्सियुरिया ही रुग्णाची नेहमीची गोळी. हे वाचून एखाद्या घरात खरंच गोळी बंद झाली, तर क्रायसिस, म्हणजे वाकड्या पेशी शिरांत अडकून उठणारी असह्य वेदना, त्या लेकराला भोगावा लागेल.

ते एक इंजेक्शन नाही. कॅसजेव्ही या क्रिस्पर उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबरात मान्यता दिली, १२ वर्षांपुढच्यांसाठी. आधी किमान दोन महिने रक्त बदलत राहून सदोष एस हिमोग्लोबिन ३० टक्क्यांखाली आणायचं. मग प्लेरिक्साफॉर हे औषध देऊन अस्थिमज्जेतल्या रक्त बनवणाऱ्या मूलपेशी रक्तात उतरवायच्या आणि मशीनवर गोळा करायच्या. एरवी वापरतात ते जी-सीएसएफ औषध इथे चालत नाही, त्याने जीवघेणा क्रायसिस येतो. पेशी पुरेशा निघाल्या नाहीत तर पुन्हा तेच. त्या पेशींत बीसीएल११ए जनुकाचा एन्हान्सर (तो जनुक चालू ठेवणारं बटण) कापतात, म्हणजे त्या जनुकाने बंद ठेवलेलं गर्भातलं निरोगी हिमोग्लोबिन परत बनू लागतं. यात काही महिने जातात. मग बुसल्फान या केमोच्या औषधाने अस्थिमज्जा रिकामी करायची, पेशी सोडायच्या आणि चार-सहा आठवडे दवाखान्यात संसर्गापासून जपायचं. बुसल्फानने वंध्यत्व येऊ शकतं. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर.

आणि मुख्य गोष्ट: बदल फक्त रक्त बनवणाऱ्या पेशींत होतो. शुक्रपेशी आणि स्त्रीबीजात सिकलसेलचा एस जनुक तसाच राहतो. बरा झालेला माणूसही प्रत्येक अपत्याला तो देणारच. मग कार्ड बंद कसं करता?

एटापल्लीचा_पोऱ्या
आदिवासीला गोळी आणि पैसेवाल्याला जनुक, हेच ना? दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी जनुकशास्त्र संस्थेने सिकलसेलवरचं देशी क्रिस्पर 'बिरसा १०१' तयार केलं, नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झालं, तंत्र सीरम इन्स्टिट्यूटला दिलं. भारतात बनलं की किंमत उतरेल. नाव बिरसा मुंडांचं घेता, तर पहिला हक्क आमचा. "महाग आहे, अवघड आहे" हे ऐकून कान किटले.

कापूस_राळेगाव
बीटी कापसाच्या टायमालेबी असंच सांगतलं होतं. २००२ मधी आलं, म्हने फवारनी संपली. २०१७ ले गुलाबी बोंडअळीनं आख्खी बोंडं पोखरली. जनुकाशी खेळ म्हनजे हेच होते.

कृषी_वर्धा
दोन्हींची गल्लत करू नका. बीटीत जिवाणूचा जनुक पिकात घातला, इथे माणसाचाच एक तुकडा बंद करतात. आणि अळी प्रतिकारक का झाली? बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी यायचं, पाच ओळी लावायला. त्यावरच्या साध्या पतंगांशी जोडी जमली की अळीचा प्रतिकार वाढत नाही. ते लावलंच नाही. वर पाणी देऊन मार्चपर्यंत फरदड, म्हणजे हंगाम संपला तरी पीक उभंच. गुलाबी अळी जगते मुख्यतः कापसावरच, तिला बारमाही खाद्य मिळालं. कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंग धरणाऱ्या) सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की फवारायचं असतं. इथे डोमकळ्या (अळीमुळे न उमललेली फुलं) दिसल्यावर धावपळ सुरू होते, तोवर अळी बोंडात गेलेली असते.

कापूस_राळेगाव
सारी चूक शेतकऱ्याच्याच माथी काऊन? ते १२० ग्रॅम भलत्याच वानाचं राहे. त्याचा फुलोरा येगळा, बीटीचा येगळा. मंग पतंगाची जोडी जमन कशी? आन् फरदड कोनी हौसेनं नाई घेत. भाव पडला, कर्ज डोक्यावर, तं उभं पीक कोन उपटते?

कृषी_वर्धा
बियाण्याचं मान्य करावं लागेल. म्हणूनच पुढे बिगर-बीटी त्याच पिशवीत मिसळून द्यायला लागले. फरदडीचं मात्र मान्य नाही. डिसेंबरअखेर पऱ्हाटी (कापसाची झाडं) शेताबाहेर निघालीच पाहिजे, कर्ज असो वा नसो. एकाची फरदड गावभर अळी देते.

गटप्रवर्तक_धानोरा
कापूस पुरे! पिवळं कार्ड दिसलं की पोरीचं स्थळ मोडतं, पोराचं कार्ड कोणी मागतही नाही. म्हणून लोक तपासणी टाळतात, यावर कोणीच बोललं नाही. दोघं एएस, म्हणजे वाहक, असले तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मुलाचा २५ टक्के धोका. एक एए, म्हणजे एस जनुक नसलेला, असेल तर आजारी मूल होतच नाही. हे बैठकीत समजावून सांगा, स्थळं मोडणार नाहीत.

एटापल्लीचा_पोऱ्या
मग गर्भातच दुरुस्त करा, पिढ्यांची कटकट जाईल.

प्रयोगशाळा_ब्रह्मपुरी
अजिबात नाही. चीनमध्ये 'हे जियानकुई' नावाच्या शास्त्रज्ञाने २०१८ मध्ये गर्भातला सीसीआर५ हा जनुक कापून जुळ्या मुली जन्माला घातल्या. सगळ्या पेशींत बदल सारखा झाला नव्हता, आणि त्या मुलींना कोणी विचारलंही नव्हतं. त्याला तीन वर्षं कैद झाली. आपल्याकडे आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक सूचनांत याला मनाई आहे. गरजही नाही: दोघं वाहक असले तरी चारपैकी तीन गर्भ आजारी नसतात. दहा ते बारा आठवड्यांत वारेचा नमुना तपासता येतो.

एटापल्लीचा_पोऱ्या
गर्भाचं सोडतो, कार्डही राहू द्या. पण आजारी आहेत त्यांचं काय? तोवर गोळीच ना? तीही दर महिन्याला संपलेली असते.

प्रयोगशाळा_ब्रह्मपुरी
ती तक्रार शंभर टक्के खरी. किलोमागे १० मिलिग्रॅम धरलं तर २५ किलोच्या लेकराला रोज २५० लागतात आणि हातात येते ५०० ची कॅप्सूल, म्हणून दिवसाआड द्यायची वेळ येते. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) न करता चालू ठेवली तर पांढऱ्या पेशी घसरलेल्या कळत नाहीत. जनुक उपचार मागाच, पण सोबत जिल्ह्याच्या रक्तपेढीत आरएच आणि केल हे रक्तगटही जुळवलेलं रक्त मागा. न जुळवता पिशव्या चढवत गेलं की अँटिबॉडी बनतात, पुढे जुळणारं रक्त मिळत नाही आणि जनुक उपचाराची रक्त बदलण्याची पहिली पायरीच अडते.