फायाचा ‘थ्री-कॉर्नर्ड हॅट’, नवी १८० ग्रॅम प्रत: ठेवू की परत करू?

सदाशिवपेठी_सुई
मंडळी, स्पॅनिश संगीतकार फायाच्या या बॅलेची नवी एलपी आणली, वाद्यवृंद-संचालक अँसर्मेने १९६१ साली केलेल्या रेकॉर्डिंगची. गायिका तेरेसा बेरगांझा. सुरुवातीची टिंपनी (मोठे नगारे) आणि ‘ओले’च्या आरोळ्या ऐकून जीव खूश झाला, पण दुसऱ्या बाजूला घोळ आहे. गिरणीवाल्याच्या नाचाच्या तोंडाशी एकटा हॉर्न वाजतो, त्याचा लांब सूर हेलकावतो. शिवाय बेरगांझाचे ‘स’ फसफसतात. दुकानदार म्हणतो, “१८० ग्रॅमची आहे साहेब, प्रश्नच नाही.” दोष रेकॉर्डचा की माझ्या प्लेअरचा? की सरळ डेक्का कंपनीची जुनी मूळ प्रत शोधू?

तबकडी_आजोबा
वजनाचं कौतुक आधी सोडा. जाड तबकडी फार तर कमी वाकते. आवाज ठरतो तो कुठल्या टेपवरून, खाचा कोणी कापल्या आणि तबकडी प्रेसमधून कशी निघाली यावर. कव्हरवर ‘मूळ अ‍ॅनालॉग टेपवरून’ असं स्वच्छ लिहिलंय का बघा. नुसतं ‘रीमास्टर्ड’ म्हणजे काहीही असू शकतं.

आता हेलकावा. ३३⅓ ला एक फेरी १.८ सेकंदांत होते. सूर तेवढ्याच अंतराने वरखाली होत असेल तर भोक मध्यावर पडलेलं नाही. समोरून हेडशेलकडे (आर्मच्या टोकाचा, सुई धरणारा भाग) बघत राहा, आर्म डावी-उजवी डोलताना दिसेल. व्हायोलिनांच्या घोळक्यात हे खपून जातं, एकट्या हॉर्नला लपायला जागा नसते. एक बाजू ठणठणीत आणि दुसरी अशी, हेही होतं. हेलकावा याहून जलद असेल तर मात्र मोटर, बेल्ट बघा.

आणि ती सुरुवात परत ऐका. १९१९ मध्ये लंडनच्या अल्हाम्ब्रा थिएटरात या बॅलेचा पहिला प्रयोग झाला तेव्हा वाद्यवृंदासमोर हाच अँसर्मे उभा होता. टिंपनीचा तुकडा फायाने ऐनवेळी जोडला, पिकासोने रंगवलेला पडदा लोकांना निवांत बघता यावा म्हणून. रेकॉर्डिंग जिनिव्हाच्या व्हिक्टोरिया हॉलमधलं. टाळ्या आणि कॅस्टानेट्सच्या (स्पॅनिश चिपळ्यांच्या) मागे तो हॉल घुमताना ऐकू आला पाहिजे. सगळं स्पीकरला चिकटल्यासारखं वाटलं, तर भोक कितीही मध्यावर असो, मी ती प्रत ठेवणार नाही.

धारवाडकर_मी
‘स’बद्दल: बाईंच्या आवाजाची दुसरी एखादी रेकॉर्ड लावा. तिथेही फसफस असेल तर प्रोट्रॅक्टर (सुईचा कोन जुळवायची पट्टी) घेऊन कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला डबा, नीट बसवा, सुईचा भार कंपनीने दिलेल्या मर्यादेत जरा वर न्या. आणि नवीकोरी असली तरी धुवून घ्या हो.

सदाशिवपेठी_सुई
आर्म चक्क झुलतेय! फक्त दुसऱ्या बाजूला. ‘स’ लताबाईंच्या रेकॉर्डवरही येताहेत, म्हणजे प्रोट्रॅक्टर आलाच. पहिल्या बाजूला हॉल मात्र झकास ऐकू येतो.

तबकडी_आजोबा
मग कापणी चांगली आहे, प्रत तेवढी वाईट निघाली. पैसे परत घेऊ नका, बदलून मागा. मूळ डेक्काचा नंबर एसएक्सएल २२९६. लेबलवरची चंदेरी पट्टी रुंद असेल तर आधीची, अरुंद असेल तर नंतरची. लेबलजवळ कोऱ्या जागेत, ज्या साच्याने तबकडी दाबली त्याचं अक्षर कोरलेलं असतं. इंग्रजी ‘बकिंगहॅम’च्या दहा अक्षरांना डेक्काने ओळीने १ ते ९ आणि ० धरलं होतं, म्हणून नुसता ‘बी’ म्हणजे पहिला साचा. पण पहिला साचा म्हणून वाट्टेल ती किंमत मोजू नका. कोणीतरी बोथट सुईने घासलेल्या पहिल्या साच्यापेक्षा तुमची नवी, नीट भोक पडलेली प्रत बरी.

दुकानदाराला झुलत्या आर्मचा व्हिडिओ पाठवा. ‘ऐकायला बरोबर नाही’ म्हणालात तर तो वाद घालत बसेल.